अक्कांच्या कमरेची सुरी

मला बघायला आलेल्या माणसांदेखत माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी कमरेची सुरी काढली, तेव्हा माझ्या हातातला पोह्यांचा ट्रे खाली कसा पडला नाही, हे मला अजून कळलेलं नाही. एरंडोलचं आमचं घर, बैठकीत दोन्हीकडची मंडळी, वडील आधीच घामाघूम. आईनं पपई चिरायला घेतली आणि आमच्या विळीचं पातं ऐन वेळी डुगडुगायला लागलं. तशा अक्का, म्हणजे याच सासूबाई, उठल्या, पदर खोचला, आणि पदराखालच्या चामडी म्यानातून वीतभर सुरी सर्रकन बाहेर आली. माझी आत्या "अगंबाई!" म्हणून भिंतीलाच टेकली. अक्कांनी शांतपणे पपई उभी कापली, बिया काढल्या, फोडी केल्या, सुरी पुसून पुन्हा कमरेला लावली आणि मला विचारलं, "मुली, चालायला आवडतं का तुला? डोंगरात?" मी घाबरून हो म्हणाले. दुसरं काही त्यांनी विचारलंच नाही.

अक्का म्हणजे जळगावच्या एका मुलींच्या शाळेतल्या खेळाच्या बाई. सासर असोद्याचं, केळीच्या बागांचं. माहेर धुळे जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या अगदी पायथ्याचं. तिथं म्हणे शाळेत जाणाऱ्या पोरीच्या दप्तरातही पातं असायचं, कारण शाळेची वाट झाडोऱ्यातून जायची. सासरे लवकर गेले, मुलगा एकुलता एक. अक्का निवृत्त झाल्या तरी पायातले कापडी बूट आणि कमरेची सुरी काही निवृत्त झाली नाही. नऊवारी नाही हं, साधी सुती पाचवारी, खाली बूट, वर स्कूटर. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्यामागे बसून भाजीबाजारात गेले तेव्हा मला वाटलं होतं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. बाजारातल्या बाया मात्र "अक्का, या, या" करत होत्या. निम्म्या त्यांच्या विद्यार्थिनी, उरलेल्या विद्यार्थिनींच्या आया.

दिवाळी सरली की अक्कांना घरात करमायचं नाही. सातपुड्यात जायचं, ओढ्याकाठी तीन दगडांची चूल मांडायची, वांगी भाजायची, भरीत करायचं, ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी खायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. सोबत कोण येईल ते. सुरी कशाला लागते हे मी एकदा विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी नाक कशाला लागतं हे विचारलं होतं. "काटक्या कोण फोडणार? दोरी कोण कापणार? पायात काटा मोडला तर तू दातानं काढणार? घरातल्या सुरीला घर असतं, वैशाली. डोंगरात जी नेतो, तिनं सगळं केलं पाहिजे." दुमडायचा चाकू त्यांना अजिबात खपायचा नाही. "जो आपल्याच मालकाच्या बोटावर मिटतो, त्याचा काय भरवसा?" म्हणायच्या.

आणि एक रीत त्यांची. पातं कधी हातातून हातात द्यायचं नाही. खान्देशात बऱ्याच घरी पाळतात, पण अक्कांइतकं कडक मी कुणाचं पाहिलं नाही. मी स्वयंपाकघरात नुसता हात पुढे केला तरी त्या सुरी ओट्यावर ठेवायच्या, हात मागे घ्यायच्या आणि म्हणायच्या, "उचल." विळा असो, कात्री असो, ब्लेड असो. "हातातून हातात पातं दिलं की माणसं तुटतात. माझ्या आईनं आणि मावशीनं एकदाच दिलं होतं, मरेपर्यंत बोलल्या नाहीत." शिकली-सवरलेली बाई, शाळेत पोरींना विज्ञानाच्या गोष्टी सांगणारी, आणि हे असं. मी हसायचे. पण सासू-सून असून आम्ही दोघी कधी कडाकडा भांडलो नाही हेही खरं, म्हणून मीही निमूट उचलायला शिकले.

त्यांची जुनी सुरी वडिलांनी दिलेली. गावच्या लोहारानं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलेली. धार लावून लावून ती इतकी झिजली होती की पातं पाऊण उरलं होतं. एका हिवाळ्यात बाभळीचं लाकूड फोडताना तिला तडा गेला. अक्का त्या दिवशी भरीत न खाता घरी आल्या. मग सुरू झाली नव्या सुरीची निवड. माझ्या लग्नाचा शालूसुद्धा इतक्या चौकशीनं घेतला नव्हता, देवाशप्पथ.

स्टँडजवळ तंबू, बॅगा, बॅटऱ्या विकणारं एक दुकान आहे. मालक तरुण, त्याची आई अक्कांची विद्यार्थिनी, त्यामुळे बिचाऱ्याला पळायला जागा नव्हती. त्यानं हौसेनं सगळ्यात भारी दिसणारी सुरी पुढे केली. पाठीला करवतीचे दात, मूठ पोकळ, मुठीच्या टोपणात होकायंत्र, आत मासे धरायचे गळ. अक्कांच्या तोंडून एकदम माहेरची बोली बाहेर पडली, "हाई काय शे?" मग म्हणाल्या, "वाट चुकले तर मी सुरीला विचारायचं का?" आणि काउंटरच्या लाकडी कडेवर तिची पाठ अशी आपटली, की मूठ एकीकडे आणि पातं दुसरीकडे. मी डोळेच मिटले. दुकानदार दोन्ही तुकडे हातात धरून उभा. "बघ बाबा," अक्का समजुतीनं म्हणाल्या, "पातं मुठीच्या शेंड्यापर्यंत गेलेलं पाहिजे. अर्ध्यात सोडलेलं पातं, अर्ध्यात सोडतं."

होता होता दोन उरल्या. दोन्ही एकाच लांबीच्या, तळव्याहून जरा मोठ्या, पाठीला जाड, टोक मधोमध आणि मजबूत, पातं मुठीच्या आरपार. फरक पोलादाचा आणि मुठीचा. एक साध्या, गंजणाऱ्या पोलादाची, शिसवी मूठ. दुसरी न गंजणाऱ्या स्टेनलेसची, मूठ काळ्या रबराची. दुकानदारानं हात जोडून दोन्ही घरी नेऊ दिल्या. मग असोद्याच्या बागेत अक्कांनी जे चालवलं ते बघायला शेजारपाजारचे बांधावर येऊन उभे राहायचे. हाताला शेंगदाण्याचं तेल चोळून मूठ धरायच्या, घसरते का बघायला. म्यान उलटं धरून गदागदा हलवायच्या, सुरी पडते का बघायला. सुती दोरी, नायलॉनची दोरी, ओली काठी, सुकी काठी. सुरी लाकडावर धरून वरून दुसऱ्या लाकडानं ठोकायच्या. शेवटी दोन्हींनी केळीचा बुंधा चिरला आणि चीक तसाच राहू दिला. सकाळी पाहिलं तर स्टेनलेसची चकचकीत, आणि साध्या पोलादाची काळीठिक्कर.

"झालं," मिलिंद म्हणाला. मिलिंद म्हणजे माझा नवरा. "आता तरी ही न गंजणारी घे, आई."

"काळी पडली तर पडू दे. हिला पुसत राहिलं, तेलाचं बोट फिरवलं की झालं. आणि ओढ्यातल्या दगडावर दोन हात मारले की हिला धार येते. ती गोरी एकदा रुसून बसली की डोंगरात तिची समजूत कोण काढणार?" असं म्हणून अक्कांनी काळी सुरी कमरेला लावली आणि दुसरी परत पाठवली. त्या आठवड्यात त्या इतक्या खुशीत होत्या की मला न सांगता दोनदा शेवभाजी केली.

तीच सुरी घेऊन आम्ही पहिल्यांदा डोंगराकडे निघालो. पुढे अक्का स्कूटरवर, मागे मोटरसायकलवर मिलिंद आणि मी. थंडी होती, म्हणून मी ओढणी डोक्याला आणि गळ्याला गच्च गुंडाळून टोकं पाठीमागे खोचली होती. वाटेत एक टोक सुटलं. ते मागच्या चाकात कधी गेलं मला कळलंच नाही. एका ओढ्यावरच्या बिनकठड्याच्या फरशी पुलावर मला गळ्याला हिसका बसला आणि मी उलटी पडले. मिलिंदनं गाडी आवरली, पण ओढणी साखळीत रुतली होती आणि माझा गळा चाकाजवळ आवळला गेला होता. ओरडायला श्वासच नव्हता. अक्का आरशात बघून वळल्या, धावत आल्या. मिलिंद किंचाळला, "आई, सुरी! सुरी दे!" त्यानं हात पुढे केला. अक्कांनी सुरी काढली.

आणि खाली ठेवली.

माझ्या डोळ्यांसमोर हो, दोन हातांवर. फरशीच्या ओल्या, शेवाळलेल्या कडेला त्यांनी सुरी ठेवली आणि हात मागे घेतला, जशा रोज ओट्यावर घ्यायच्या. मला ते दिसत होतं आणि खरं वाटत नव्हतं. मिलिंद ती उचलायला झेपावला, त्याच्याच बुटाचा धक्का लागला आणि सुरी कडेवरून ओढ्यात गेली. त्यापुढचं मला आठवत नाही.

जाग आली ती दवाखान्यात. गळा सुजलेला, डॉक्टरांनी बोलायची सक्त बंदी केलेली. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. "आईनं सुरी खाली ठेवली," एवढंच मिलिंद सांगायचा आणि खाली बघायचा. पुढचं लोकच पूर्ण करायचे. मुलानं उडी मारून सुरी काढली, ओढणी कापली, म्हणून सून वाचली. माझी आत्या तर खाटेजवळच म्हणाली, "काय बाई आहे की कोण! सुनेचा जीव चाललाय आणि ही रीत पाळतेय!" अक्का कोपऱ्यात स्टुलावर बसून ऐकत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मिलिंद त्यांच्याशी बोलेना, त्यांच्याकडे बघेना. त्यांनी डबा आणला तर तो खोलीबाहेर जायचा. मी घरी आले त्याच दिवशी अक्का पिशवी भरून धुळ्याला भावाकडे निघून गेल्या. मला काही म्हणायचं होतं, पण गळ्यातून नुसती हवा आली.

पुढे किती दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. जे तुटू नये म्हणून ही बाई आयुष्यभर पाती खाली ठेवत आली, ते खाली ठेवल्यामुळेच तुटलं. मला हे सहन होईना, आणि मिलिंदचा राग एवढा का, तेही कळेना.

मग एक दिवस कपाट आवरताना ती ओढणी हाती आली. धुऊन, घडी करून ठेवलेली. मी ती झटकून उघडली आणि मटकन खाली बसले. ओढणीवर साखळीच्या तेलाचे डाग होते, एका टोकाला धागे ओढलेले होते, बारीक भोकं होती. पण ती अख्खी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत कापल्याची खूण कुठेच नव्हती. मग मला सोडवलं कुणी? आणि कसं?

दुसऱ्या दिवशी गळ्याला मफलर गुंडाळून मी एकटीच धुळ्याच्या एसटीत बसले. मिलिंदच्या मामांच्या अंगणात अक्का ज्वारी निवडत होत्या. मला आधी दिसली ती त्यांची कमर. तिथं म्यान नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, मला कुणी वेगळीच बाई बसलीय असं वाटलं. मी ओढणी त्यांच्या पुढ्यात टाकली आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "अक्का, हिला सुरी लागलेलीच नाही. मी सुटले कशी?"

त्यांनी ओढणी चाचपली. "वाचलीस ना? मग झालं."

"नाही झालं. सांगा."

"गाडी मागं ढकलली. चाक उलटं फिरलं, ओढणी सुटली. शाळेत सायकलच्या साखळीत पोरींचे परकर अडकायचे, तेव्हा हेच तर करायचे मी." त्या थांबल्या. "पहिल्यांदा हेच सुचायला पाहिजे होतं. त्यानं सुरी मागितली आणि मी सुरी काढली. हातानं जन्मभर जे केलं तेच केलं. माझा हात मला विचारायला थांबला नाही, वैशाली."

"आणि मिलिंद?"

"तो ओढ्यात सुरी शोधत होता."

मी थक्क झाले. "म्हणजे तुम्ही मला वाचवलंत, आणि सगळं गाव तुम्हाला नावं ठेवतंय, आणि तुम्ही गप्प?"

"मग काय सांगू? बायको मरत होती आणि हा सुरीमागं पळाला, असं? तो तुझ्यासाठीच उतरला होता गं, त्या थंड पाण्यात. पण लोक तसं म्हणणार नाहीत. आणि तुझ्या मनात एकदा ते बसलं की निघणार नाही. मला म्हातारीला काय, बोलू दे. त्याले सांगू नको." शेवटचं वाक्य बोलताना त्यांची बोली फिरली आणि आवाजही.

मी सांगितलं. गप्प बसायचं ते डॉक्टरांचं ऐकून पुष्कळ झालं होतं. घरी येऊन ओढणी मिलिंदसमोर धरली आणि माझ्या फाटक्या गळ्यातून निघेल तेवढं ओरडले. त्यानं नुसतं म्हटलं, "मला माहीत आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय माहीत आहे?"

"मी वर आलो तेव्हा तुझं डोकं आईच्या मांडीवर होतं. माझ्या हातात ती ओली सुरी. रस्त्यावरचा कुणीतरी म्हणाला, बरं झालं तुम्ही कापली. मी काहीच बोललो नाही. मग बोलायचं राहूनच गेलं. आईनंही तोंड उघडलं नाही, वैशाली. ती एकदा जरी म्हणाली असती की मी केलं, तर बरं झालं असतं. मला तिच्याकडे बघता येत नाही."

अरे देवा! तिकडे त्या समजतायत मुलगा रागावलाय, इकडे हा शरमेनं तोंड चुकवतोय, आणि जग टाळ्या पिटतंय. मी कपाळावर हात मारला. "उद्या धुळ्याला जायचं," मी म्हटलं. "माफी माग नाहीतर नको मागू, पण त्यांच्यासमोर उभा राहा."

त्यानं काय केलं असेल? सकाळी आधी स्टँडजवळच्या दुकानात गेला आणि ती परत पाठवलेली रबरी मुठीची सुरी घेऊन आला. दुसरी, ओढ्यातून काढलेली, अक्कांनी त्या दिवशी कमरेवरून उतरवलेल्या म्यानात खुपसलेली, स्कूटरच्या डिकीत तशीच पडून होती. धुळ्याला पोचल्यावर त्यानं दोन्ही सुऱ्या अक्कांपुढे ओसरीवर ठेवल्या आणि म्हणाला, "आई, यातली कुठली ठेवायची?" मायलेकांत इतक्या दिवसांनी निघालेला हा पहिला शब्द.

अक्कांनी काळी सुरी म्यानातून ओढली. ती निघेना. निघाली ती तांबड्या गंजासकट. "अरे माझ्या कर्मा!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की मामा घरातून धावत आले. "पुसली नाहीस? ओली तशीच म्यानात घातलीस? एवढा इंजिनियर झालास, पोलाद पुसायचं कळत नाही तुला?" त्यांनी सहाण मागवली, तेल मागवलं, आणि तिथेच फतकल मारून सुरी घासायला लागल्या. घासता घासता शिव्या. गंजावरून शिव्या, म्यानावरून शिव्या, लहानपणी हरवलेल्या कंपासपेटीवरूनही शिव्या. मिलिंद समोर उकिडवा बसून ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मध्येच तो मामांकडे वळून म्हणाला, "मामा, ओढणी मी नाही कापली. वैशालीला आईनं सोडवलं. मी खाली ओढ्यात होतो." अक्कांचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. "माहीत शे माले," त्या पुटपुटल्या. "पाणी थंड होतं का रे फार?" यावर तो त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला.

संध्याकाळी निघायच्या आधी त्यांनी निवाडा दिला. दोन्ही सुऱ्या पुन्हा तोलून पाहिल्या आणि रबरी मुठीची उचलली. आम्ही दोघं चकित. "ही ठेवायची. वैशालीसाठी. ही पोरगी विसरभोळी, रोज पुसणार नाही. हिला न गंजणारीच बरी."

"आणि काळी तुमच्याकडे," मी म्हटलं.

"काळी मामाच्या शेतावर राहू दे. मला नको."

मला वाटलं त्या रुसल्या. मी हट्ट केला, मिलिंदनं विनवण्या केल्या. त्या हसल्या, आणि उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. "राग नाही गं. सुरी निवडताना आपण मूठ बघतो, पोलाद बघतो. हातही बघावा लागतो. या हाताला आता सुरी नको."

त्या आमच्याबरोबर घरी आल्या. पुढच्या हिवाळ्यांत डोंगरात आल्या, भरीत केलं, मला काटक्या फोडायला शिकवताना सतरा चुका काढल्या. पण सुरीला हात लावला नाही. सीताफळाच्या फांदीत पदर अडकला तरी तिथंच उभ्या राहून "वैशाली, ये गं जरा" म्हणायच्या. मी जाऊन फांदी कापायचे, आणि दर वेळी मला नव्यानं धक्का बसायचा, की ही हाक अक्का मारतायत. मला.

यंदा उन्हाळ्यात अक्का गेल्या. शेवटची आंघोळ घालायला आम्ही बायका होतो. साडी सोडली तर उजव्या कमरेवर, म्यान टेकायचं तिथं, कातडी काळी आणि जाड झालेली होती, हाताच्या तळव्यावर घट्टा पडतो तशी. सुरी सोडून इतकी वर्षं झाली होती, तरी ती तशीच. शेजारची बाई दचकून म्हणाली, "हे काय झालंय यांना?" मी त्या जागेवर हात ठेवला आणि मोठ्यानं रडले.